अभ्यासिकेच्या ट्यूब बदलायच्या आहेत : एलईडीने बिल खरंच किती उतरेल?

औसारोड
नमस्कार मंडळी. लातुरात औसा रोडला आमची इमारत आहे. खाली दुकानं, त्यांचे मीटर वेगळे, ते सोडा. पहिल्या मजल्यावर क्लासेस, दुसऱ्यावर अभ्यासिका. हे दोन मजले, जिना, पॅसेज, पाण्याची मोटार असं सगळं माझ्या नावावरच्या एका थ्री फेज व्यावसायिक मीटरवर आहे. मंजूर भार 18 किलोवॅट. क्लासवाल्यांशी भाडं वीजबिलासकट ठरलेलं असल्यामुळे बिल माझ्याच बोकांडी.

एका ठेकेदाराने पाहणी करून कोटेशन दिलंय. 120 ट्यूब काढून 120 एलईडी फिटिंग, मजुरीसकट 1 लाख 80 हजार. खाली लिहिलंय, वार्षिक बचत 7 लाख 84 हजार, तीन महिन्यांच्या आत पैसे वसूल. त्याचा हिशेब असा : जुनी ट्यूब 100 वॅट, नवी 20, फरक 80. 80 गुणिले 120 म्हणजे 9.6 किलोवॅट. रोज 14 तास, 365 दिवस, म्हणजे 49,056 युनिट. युनिटला 16 रुपये.

गुणाकार बरोबर आहे, कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. पण आकडा पचत नाही. जाणकारांनी सांगावं.

चोक_स्टार्टर
दादा, 100 वॅटची ट्यूब मी आजवर बसवली नाही आन काढलीबी नाही. 36 ची असती. जुनी जाडी 40 ची. त्यो 100 कुठून आणला बगा आधी.

देवगिरी
तुमचं वर्षाचं बिल किती आहे ते आधी टाका.

औसारोड
मागच्या बारा बिलांची बेरीज केली. साधारण 52,000 युनिट, सव्वासहा लाख रुपये.

देवगिरी
मग लगेच सही करा. सव्वासहा लाखांच्या बिलात 7 लाख 84 हजार वाचणार म्हणजे महावितरण दरवर्षी वरचे दीड-पावणेदोन लाख तुमच्या घरी आणून देणार.

मीटररीडिंग
देवगिरींनी थट्टेत सांगितलं, पण पहिली चाळणी हीच आहे. बचतीचा कुठलाही आकडा समोर आला की आधी बारा महिन्यांच्या एकूण युनिटशेजारी ठेवायचा. तुमचे एकूण 52,000, त्यातले 49,000 नुसत्या दिव्यांत वाचणार असतील तर पंखे, एसी, मोटार, कॉम्प्युटर हे सगळं उरलेल्या 3,000 युनिटवर चालतं असं मानावं लागेल. लातूरच्या मे महिन्यात.

आता 100 वॅट कुठून आले ते. ठेकेदाराने बहुधा क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून अँपिअर मोजायचा) लावला असेल. तांब्याच्या चोकवरची 36 वॅटची ट्यूब साधारण 0.43 अँपिअर ओढते. 0.43 गुणिले 230 केलं की 99 येतात. पण हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हेत. चोकमुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला प्रत्यक्ष वॅटचा हिस्सा, निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्यक्ष वॅट 48च्या आसपास : ट्यूबचे 36 आणि चोक तापण्यात जाणारे 10-12. तुमची जोडणी 20 किलोवॅटच्या आतली आहे. बिलावर युनिट केडब्ल्यूएचमध्ये (किलोवॅट-तासांत) मोजलेले असतील, एकदा बघून घ्या. तसं असेल तर तुम्ही पैसे वॅटचे भरता. मोठ्या जोडणीच्या बिलावर केव्हीएएच (व्होल्ट-अँपिअरवर मोजलेले युनिट) लिहिलेलं असतं, तिथे पॉवर फॅक्टरचाही हिशेब लागतो आणि कमी पॉवर फॅक्टरची स्वस्तातली एलईडी ट्यूब तिथे नडते.

दुसरं, सगळ्या चोक तांब्याच्या आहेत का? इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर 36 वॅटची ट्यूब चोकसकट 36 वॅटच्या आसपासच घेते. फरक 28 वरून 16वर येतो.

तिसरं, तास. चूक सगळ्यात जास्त इथेच होते, आणि नेमकं इथेच कुणी मोजत नाही. "रोज 14 तास" असं पूर्ण इमारतीला लावता येत नाही. बटणं कशी वाटलेली आहेत, कुठली रांग कधी लागते, तेवढं लिहून काढा. अभ्यासिकेत सीसीटीव्ही असेलच. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत) एका साध्या आठवड्याचं रेकॉर्डिंग पळवून बघा, कुठली रांग किती वाजता लागली आणि विझली ते वेळेसकट दिसेल. वॉचमनला विचाराल तर तो "दिवसभर चालूच असतात मालक" म्हणेल.

चौथं, 16 रुपये. तो दर कुठल्या बिलावरून काढला?

औसारोड
मे महिन्याच्या. त्या बिलात मागची थकबाकी आणि विलंब आकार होता. त्याने एकूण रक्कम भागिले युनिट केलं असणार.

मीटररीडिंग
तसं चालत नाही. एक युनिट कमी जळलं तर बिलातल्या कुठल्या ओळी खाली येतात तेवढंच धरायचं. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावरचं वीज शुल्क (व्यावसायिकला 21 टक्के) आणि विक्री कर. स्थिर आकार दिवे बदलून हलत नाही. थकबाकीचा तर संबंधच नाही. जिथे केव्हीएवर मागणी आकार (महिन्यातल्या सर्वोच्च भाराचे पैसे) लागतो तिथल्या मालकांनी आणखी एक बघावं : मागणी कमी झाली तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली बिल जात नाही. ती करार मागणीच अर्ज करून कमी करून घ्यावी लागते. तुम्हाला ते लागू नाही.

गोदाकाठ
नांदेडला आमचं मंगल कार्यालय आहे. हॉलमध्ये 400 वॅटचे मेटल हॅलाइडचे मोठे दिवे 12 आहेत. मलाही असाच एक जण वर्षात पैसे वसूल म्हणून मागे लागलाय. माझंही सांगा की.

मीटररीडिंग
तारखा किती लागतात वर्षाला?

गोदाकाठ
चाळीसेक. दिवे संध्याकाळचे पाच-सहा तास.

मीटररीडिंग
चोकसकट एक दिवा 435 धरा. त्याजागी 150 वॅटचा एलईडी. फरक 285, बारांचा 3.42 किलोवॅट. दिसायला जबरदस्त. पण वर्षाचे तास 240, म्हणजे 820 युनिट. 12 रुपयांनी दहा हजारांच्या आत. बारा चांगले दिवे 72 हजारांना पडले तर वसूल व्हायला सात वर्षं. तुमचे जुने दिवे बंद पडतील तसे बदला, घाई नको.

एकच अपवाद. लग्नात लाईट जाते आणि जनरेटर चालतो. लिटरभर डिझेलमधून तीन-साडेतीन युनिट निघतात, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर ते युनिट 26 ते 30 रुपयांना पडतं. अर्धे तास जनरेटरवर जात असतील तर हिशेब बदलतो. शिवाय मेटल हॅलाइड एकदा विझला की पुन्हा पेटायला थंड व्हावा लागतो, पाच-दहा मिनिटं मांडव अंधारात. एलईडीला ती कटकट नाही. पैशांपेक्षा हे कारण तुम्हाला जास्त पटेल.

गोदाकाठ
अगदी. मंगलाष्टकं चालू असताना एकदा झालेलं आहे.

बिंदुसरा
बीडला आमची छोटी अभ्यासिका आहे. औसारोड दादा, एक बघून ठेवा. आमच्या वरच्या मजल्याला स्लॅब नाही, पत्रा आहे. पत्र्याला चिकटून बसवलेल्या एलईडी दोन उन्हाळ्यांत गेल्या, खालच्या मजल्यावरच्या तशाच चालू आहेत.

मीटररीडिंग
ताईंचा मुद्दा खरा आहे. एलईडीचा दिवा सहसा जात नाही, ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) जातो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. मेमध्ये आपल्याकडे बाहेर 42-43 असताना पत्र्याखाली किती असेल ते वेगळं सांगायला नको. फिटिंग साखळीने फूट-दीड फूट खाली टांगा. खोक्यावर 25,000 तास लिहिलेलं असतं, अभ्यासिकेत वर्षाचे साडेपाच हजार तास भरतात, म्हणजे कागदावरही साडेचार वर्षंच. वसुली सात-आठ वर्षांची निघाली तर त्याआधी ट्यूब पुन्हा विकत घ्यावी लागेल.

चोक_स्टार्टर
आन न्यूट्रल. आपल्याकडं न्यूट्रल तुटला की एका फेजवर 400 च्या घरात व्होल्टेज जातंय आन सगळ्या ट्यूब एकदम फुकट. तांब्याच्या चोकवाली ट्यूब एखादवेळी वाचती, एलईडी नाही वाचत. 300 व्होल्टपर्यंत टिकणारा ड्रायव्हर घ्या, डीबीत (मेन स्विचच्या पेटीत) हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ बसवा. त्याचा खर्च हिशेबात धरा, ठेकेदारानं धरलेला नसणार.

औसारोड
मोजून आलो. डीव्हीआरची युक्ती भारी निघाली.

अभ्यासिकेत 64 ट्यूब, सगळ्या इलेक्ट्रॉनिक चोकवर (हा मजला नंतर बांधला). त्यातल्या आतल्या 42 सकाळी सहा ते रात्री अकरामध्ये सरासरी 16 तास. खिडकीकडच्या 22 मुलं स्वतःच बंद करतात, त्या संध्याकाळचे 6 तास. वर्षाला 350 दिवस धरा, सणावारालाही पोरं येतात, नीटची तयारी थांबत नाही.

क्लासेसमध्ये 44, तांब्याचे चोक. सकाळी-संध्याकाळी मिळून 7 तास, 300 दिवस. यातल्या 9 ट्यूब बंदच आहेत, कुणी बदललेल्या नाहीत.

जिना, पॅसेज, संडास 12, तांब्याचे चोक, 12 तास, रोज.

थकबाकी नसलेल्या बिलावरून तुम्ही सांगितलेल्या ओळींची बेरीज युनिटला 12 रुपयांच्या जवळ येते. युनिट केडब्ल्यूएचमध्येच आहेत.

मीटररीडिंग
उत्तम. आता करून टाकू.

अभ्यासिका, आतल्या 42 : प्रत्येकी 16 वॅट फरक, 0.672 किलोवॅट, वर्षाचे 5,600 तास. 3,763 युनिट.
खिडकीकडच्या 22 : 0.352 किलोवॅट, 2,100 तास. 739.
क्लासेस, चालू असलेल्या 35 : 28 वॅट फरक, 0.98 किलोवॅट, 2,100 तास. 2,058. पण तुम्ही 44 बदलणार. बंद 9 आता लागतील आणि 20 वॅटने 378 युनिट नव्याने खातील. उरले 1,680.
जिना वगैरे 12 : 0.336 किलोवॅट, 4,380 तास. 1,472.

एकूण 7,654 युनिट. 12 रुपयांनी 91,848. म्हणजे ठेकेदाराच्या आकड्याच्या आठव्या हिश्शाहून कमी.

गंमत बघा, सगळ्यात जास्त तास जळणाऱ्या ट्यूब इलेक्ट्रॉनिक चोकवर आहेत, त्यामुळे तिथे ट्यूबमागे फरक कमी. तरीही निम्मी बचत त्या 42 ट्यूबच देतात. आणि जिन्यातल्या फक्त 12 ट्यूब क्लासमधल्या 44च्या जवळपास बचत देतात. ठेकेदाराने सरसकट 120 धरल्यामुळे हे दिसतच नाही.

उलट बाजूने पडताळा : आज तुमचे सगळे दिवे मिळून वर्षाला 16,000च्या आसपास युनिट खातात, 52,000तले 31 टक्के. दिवे कायमचे बंद केले तरी याहून जास्त वाचणार नाही.

देवगिरी
एसीचं धरलं नाहीत. दिव्यांची उष्णता कमी झाली की एसीवरचा भार कमी होतो. पुस्तकात असतं.

मीटररीडिंग
असतं, आणि मॉलला किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या ऑफिसला ते लागूही पडतं. इथे किती वर्गांना एसी आहे?

औसारोड
दोन वर्गांना. 14 ट्यूब त्यांत येतात. एसी उन्हाळ्यातले चारेक महिने, दिवसाला पाच तास. ऑफिसात दोन एसी आहेत पण तिथे आधीच एलईडी पॅनल आहेत.

मीटररीडिंग
14 ट्यूबची 392 वॅट उष्णता कमी, 600 तास, 235 युनिट. एसी एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून भागिले तीन. ऐंशीच्या आत. वर्षाला हजाराच्या खालची गोष्ट. लिहायचं तर लिहा.

देवगिरी
बरं. पण मग एवढा खटाटोप करण्यापेक्षा गच्चीवर सोलर टाका, बिलच मिटेल.

चोक_स्टार्टर
सर, पयलं गळकं बुजवा, मग टाकी मोठी करा.

बिंदुसरा
सोलरआधी पंखे. आमच्याकडे दिव्यांपेक्षा पंख्यांनी बिल जास्त उतरलं.

औसारोड
60 पंखे आहेत, साधे.

मीटररीडिंग
ताई बरोबर बोलल्या. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी (कमी विजेच्या मोटारीचा) 30च्या आसपास. 60 पंखे, दिवसाला 12 तास, वर्षाचे 270 दिवस धरले तर 8,748 युनिट वाचतात, दिव्यांपेक्षा जास्त. फक्त तास इथेही मोजा. आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा दोनवर चालत असेल तर तो मुळातच 75 घेत नाही, मग फरक आक्रसतो. पंखा 2,800ला धरला तर 1 लाख 68 हजार, वसुली दीड वर्षाच्या थोडी पुढे. विषय वेगळा आहे, नवा धागा काढा.

दिव्यांकडे परत. 1 लाख 80 हजारांना 91 हजार, म्हणजे दोन वर्षं. वाईट नाही. पण पूर्ण फिटिंग कशाला बदलताय? पट्ट्या गंजलेल्या नसतील तर नुसती ट्यूब बदला. बरी 20 वॅटची एलईडी ट्यूब 250 आणि बदलायची मजुरी 60 धरली तर 120चे 37,200. पाच महिन्यांत सुटतात. ठेकेदाराचे तीन महिने खोटे होते, पण काम मुळात फायद्याचं आहे, हे विसरू नका.

चोक_स्टार्टर
मजुरी 60त बसल, पण काम नीट करून घ्या. इलेक्ट्रॉनिक चोक पूर्ण काढायचा, वायर थेट होल्डरला. तांब्याच्या चोकला काही पोरं नुसता स्टार्टर बदलतेत आन चोक तसाच ठेवतेत. चालतंय, पण चोक वॅट-दोन वॅट खातच राहतो आन उगा एक जोड जास्त. काढाच. आन ट्यूबला लाईट एका टोकाला द्यायची का दोन्ही टोकांना हे ट्यूबवरच लिहिलेलं असतंय, ते वाचल्याशिवाय हात लावू देऊ नका. त्याच पट्टीत उद्या कुणी जुनी ट्यूब टाकली तर भडका. पट्टीवर मार्करनं "फक्त एलईडी" लिहून ठेवा.

बिंदुसरा
उजेडाचं कुणी बोललंच नाही. मुलं बारा-बारा तास वाचतात. बिल उतरलं आणि डोळे गेले तर काय उपयोग?

मीटररीडिंग
योग्य वेळी काढलंत. भारतीय मानकात वाचनाच्या टेबलासाठी 200 ते 500 लक्स आहे, मधला आकडा 300. चांगली 36 वॅटची ट्यूब नवी असताना 3,250 ल्यूमेन देते, जुनी पांढरी 2,450. 20 वॅटची एलईडी 2,000च्या आसपास, पण तिचा उजेड छताकडे वाया न जाता खाली पडतो, म्हणून टेबलावर बरोबरी होते. ही बरोबरी गृहीत धरू नका, मोजा. मोबाइलचं ॲप अचूक नसतं, पण त्याच मोबाइलने त्याच टेबलावर आधी आणि नंतर बघितलं तर फरक कळतो. उजेड कमी करून वाचवलेली वीज ही बचत म्हणून दाखवणं म्हणजे फसवणूकच.

उजेडाची थरथर (फ्लिकर) तपासायला मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरा. पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर अभ्यासिकेत नको. रंग 6500 केल्विन (निळसर पांढरा) ऐवजी 4000 घ्या, पानावर कमी बोचतो.

देवगिरी
6500च बरा, झोप येत नाही पोरांना.

बिंदुसरा
रात्री अकराला घरी गेल्यावरही येत नाही मग.

औसारोड
शेवटचा प्रश्न. बदलल्यावर खरंच 7,654 वाचले की नाही हे कळणार कसं? पुढच्या बिलात दिसेल?

मीटररीडिंग
महिन्याला 640 युनिटचा फरक, आणि तुमचं बिल 4,300च्या आसपास. मे आणि डिसेंबरमध्येच त्याहून जास्त फरक असतो. एखादा महिना ढगाळ गेला, एक बॅच वाढली, की फरक गडप. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, आणि किमान वर्षभर बघा. बचत बिलाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असती तर पूर्ण बिलावरून ती ओळखूच आली नसती, तुमची पंधराच्या जवळ आहे.

त्यापेक्षा थेट वॅट मोजा. रात्री अकराला अभ्यासिका रिकामी झाली की पंखे, एसी, मोटार, फ्रीज, कॉम्प्युटर सगळं बंद. फक्त 64 ट्यूब चालू. मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुकी हे मीटरवर छापलेलं असतं. समजा 1,600 असेल, तर मिनिटाच्या लुकलुकीला 60 ने गुणून 1,600 ने भागा, किलोवॅट मिळाले. 64 ट्यूब 36 वॅटच्या असतील तर मिनिटाला 61च्या आसपास यायला हवेत. एलईडी लावल्यावर 34. मग त्याला डीव्हीआरचे तास लावा. ऊर्जाबचत मोजायच्या जागतिक नियमावलीत, आयपीएमव्हीपीत, वॅट मोजून तास ठरवून घेण्याच्या या पद्धतीला पर्याय अ म्हणतात.

हे मोजमाप संध्याकाळी सातला करू नका. लातुरात त्या वेळी व्होल्टेज 200पर्यंत उतरत असेल तर तांब्याच्या चोकवाल्या ट्यूब कमी वॅट घेतात आणि उजेडही कमी देतात. एलईडीचा चांगला ड्रायव्हर मात्र व्होल्टेज काहीही असो, तेवढेच वॅट घेतो. म्हणजे संध्याकाळच्या तासांत खरी बचत कागदावरच्यापेक्षा थोडी कमी असते. त्यासाठी मी पाच-सात टक्के सोडून देतो. तुम्ही 85,000 धरून चाला.

औसारोड
ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, "साहेब, आम्ही सगळ्यांना हाच फॉर्म्युला देतो, कुणी विचारत नाही." फिटिंग नकोत, नुसत्या ट्यूब म्हटल्यावर त्याने काम नाकारलं. आता आधी जिना आणि अभ्यासिकेतल्या आतल्या 42 बदलतो. लुकलुकी आज रात्री मोजतो. चोक_स्टार्टर दादा, लातूरला येणं होईल का? आणि काढलेल्या ट्यूबचं काय करायचं?

चोक_स्टार्टर
येतो की, उदगीरहून किती लांब हाय. ट्यूब फोडू नका आन कचरागाडीत टाकू नका, आत पारा असतोय. ई-कचऱ्यात येतात त्या, अधिकृत घेणाऱ्याकडंच द्यायच्या. नव्या ट्यूबची खोकी फेकू नका. त्यातच जुन्या भरून ठेवतो.